गुळगुळीत गाल

घरात सायकल एकच, आणि तिचं पंक्चर सासरे घरीच काढायचे. दोन चमच्यांच्या दांड्यांनी टायर उचकटायचे, जुन्या ट्यूबचं ठिगळ पायरीवर घासून चिकटवायचे. डोळ्यांना पाण्यातले बुडबुडे दिसेनासे झाल्यापासून हवा कुठून जाते ते ट्यूब गालाजवळ फिरवून शोधायचे. त्यासाठी आधी दाढी करावी लागे, कारण वाढलेल्या खुंटांना बारीक हवा कळत नाही. एरवी ते वस्तऱ्याच्या वाटेला जात नसत.

त्या सकाळी सून डबा घेऊन कामाला निघाली, तर सासरे आरशासमोर तोंडाला फेस लावून बसलेले. सायकलकडे निघालेली ती तिथेच थबकली. आदल्या दिवशीच मुकादम म्हणाला होता, "बाई, आणखी एकदा उशीर झाला तर येऊच नका."

"मामंजी, पुढचं की मागचं?"

"दोन्ही ठणठणीत आहेत. जा तू."

तरी तिने दोन्ही चाकं दाबून बघितली. खरंच टणक होती. कोड्यात पडूनच ती निघाली आणि वेळेवर पोचली.

संध्याकाळी ती परतली, तेव्हा महिनाभर लेकीकडे राहिलेल्या सासूबाई नुकत्याच दारात पोचल्या होत्या. हातातली पिशवीही खाली न ठेवता नवऱ्याच्या गुळगुळीत गालांकडे बघत त्या म्हणाल्या, "काय हो, आज कुठलं चाक बसलं?"

"दोन्ही ठणठणीत आहेत, आई," सून हसू दाबत म्हणाली.

सासरे मान खाली घालून उगाचच चमचे शोधू लागले.