तीन भुतांवर एक फुकट

"तीन भयकथा घ्या, एक वैचारिक कादंबरी मोफत!"

प्रकाशकाच्या ई-बुक दुकानातली ती जाहिरात लेखकमहाशयांनी बायकोच्या मोबाइलवर तीनदा वाचली. भयकथा त्यांच्या साडूच्या. मोफतची कादंबरी त्यांची स्वतःची, अकरा वर्षं रक्त आटवून लिहिलेली. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"दिवसभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि घरी येऊन भुतं पाडायची! हा म्हणे लेखक!"

"कुणाच्या तरी पोटात दुखतंय वाटतं," इस्त्री करता करता बायको म्हणाली. "अहो, दुकान म्हटलं की सगळंच ठेवावं लागतं. कुणाला भुतं, कुणाला विनोद, कुणाला तुमचं ते... गहन."

"तू तरी वाचलीस ना माझी?"

"म्हणजे काय! मागच्या वर्षीच. फार छान आहे हो."

त्यांना जरा बरं वाटलं. जगानं साडूला खुशाल डोक्यावर घेऊ दे, घरचा वाचक तरी आपला आहे. तेवढ्यात त्यांचं बोट 'माझी पुस्तकं'वर पडलं. बायकोनं घेतलेली पुस्तकं तिथं ओळीनं लागली होती, आणि प्रत्येकाखाली ते किती वाचून झालं त्याचा आकडा होता. साडूचा पहिला भाग, शंभर टक्के. दुसरा, शंभर. तिसराही शंभर. त्यांची कादंबरी, चार.

चार! साडूच्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या तेव्हाही त्यांचा एवढा जळफळाट झाला नव्हता. भांडावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण बायको त्यांच्याच सदऱ्याची कॉलर निगुतीनं दाबत होती.

मग खुर्ची भिंतीकडे वळवून त्यांनी आपली कादंबरी उघडली आणि पानं सरकवायला सुरुवात केली. दुकानाला तरी कळू दे, हिनं ती शेवटपर्यंत वाचली. आज शंभर करूनच उठायचं. पण लेखकच तो, नुसती पानं ढकलवेनात. ओळी वाचल्या जाऊ लागल्या. पाच टक्के झाले. सहा. नायक खिडकीपाशी उभा राहून जगण्याचा अर्थ शोधत होता. आठ टक्के झाले तरी तो खिडकीपाशीच होता.

नवव्या टक्क्याला त्यांना जांभई आली. तोंडावर हात दाबून त्यांनी ती गिळली, आणि बायकोनं पाहिलं तर नाही ना, म्हणून हळूच मान वळवली.