शेवटची साखरमोगरी

१९७४ साल. जिकडेतिकडे हायब्रीड ज्वारी आली होती. साखरमोगरी हा ज्वारीचा जुना वाण कायमचा जाण्याआधी त्याचं मूठभर बियाणं तरी जपावं म्हणून नागपूरचे प्राध्यापक खानझोडे चौदा गावं हिंडले. अखेर कळलं, की कामठीजवळ रुपरावांच्या विहिरीपाशी त्याची एकच ओळ उरली आहे. त्यांनी लगेच पोस्टकार्ड टाकलं: 'साखरमोगरीसाठी गुरुवारी येत आहे.'

गुरुवारी ते पोचले, तेव्हा बांधावर गोवऱ्या धगधगत होत्या. रुपरावांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, गरम हुरडा आणि लसणाची चटणी पुढे केली.

"आधी पीक पाहतो," प्राध्यापक म्हणाले.

"पहिले खाऊन घ्या जी साहेब. थंडा झाला का मजा जाते," रुपराव म्हणाले.

प्राध्यापकांनी तीनदा मागून घेतला. मग हात झटकून कापडी पिशवी उघडली. "चला, आता ती ओळ दाखवा. बियाण्यासाठी कणसं राखायची आहेत."

रुपराव बायकोकडे पाहू लागले.

"बियाण्यासाठी? आमाले वाटलं, साहेबाले खायाची हौस आली. पुरी ओळ कापून भाजली ना जी तुमच्यासाठी!" रुपराव म्हणाले.

"मंग कारडात तसं लिहाचं ना जी," रुखमाबाई म्हणाल्या. "चटणी देऊ अजून?"

 

प्राध्यापकांच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: 'साखरमोगरी. नामशेष. चव उत्तम.'