बाईंचा चष्मा
आठवीच्या गणित स्पर्धेत ऐनवेळी बाईंना पर्यवेक्षक म्हणून नेमकं लेकीच्याच वर्गात पाठवलं, आणि त्यांना घामच फुटला. घरी लेकीचं गणित चुकलं की त्यांचा चेहरा लगेच चुगली करायचा. इथे तसं झालं तर उगाच बोभाटा, म्हणून लेकीच्या बाकाजवळ येताच त्यांनी चष्मा काढून हातात धरला. आता उत्तरपत्रिका नुसती पांढरी दिसत होती. चूक दिसलीच नाही, तर चेहरा काय बोलणार? पेपर सुटल्यावर लेक येऊन बिलगली. “तू चष्मा काढलास तेव्हाच ओळखलं, आई. परत तपासलं, तर कंसाबाहेरचं वजाचं चिन्हच विसरले होते.” “अगं, मला काही दिसतच नव्हतं.” “पण घरी माझं चुकलं की तू आधी चष्माच काढतेस.” बाई मटकन बाकावर बसल्या. नकळत त्यांनी चष्मा काढला. लेकीचा चेहरा पडला. “आता काय चुकलं?”