अलास्कातलं गिऱ्हाईक
“तुझा विश्वास बसायचा नाही, नॅडीन!” डेलबर्टने पोस्टाच्या काट्यावर खोकं ठेवलं. “या कोंबड्याच्या आकाराच्या मीठदाणीसाठी अलास्कातला अस्वलं पाळणारा गडी आठवडाभर बोली वाढवत होता.” काउंटरपलीकडची नॅडीन हसली, तोही सवयीने हसला. कारखाना बंद पडल्यापासून ऑनलाइन लिलावावरच त्याचं पोट चालायचं. हाताला लागेल त्याचा फोटो काढायचा, तडा असला तर इमानाने लिहायचा. बायकोला पुरून आठवडाही झाला नव्हता तेव्हा त्याने यंत्रासारखे चाळीस फोटो चढवले. त्यात तिची मीठदाणीही गेली. ‘चोचीला तडा, रोजच्या वापरातली’ असंही त्यानेच लिहिलं होतं. लक्षात आलं तोवर बोली लागल्या होत्या, आणि आता माघार घेतली तर लिलावाच्या साइटवरचं त्याचं दुकान बंद. नॅडीनने चष्मा लावून खोक्यावरचा पत्ता सावकाश वाचला. “अस्वलं कधीपासून पाळायला लागलास, थापाड्या? हा तर तुझ्याच घराचा पत्ता आहे!”