कोणी हात लावला?

सुरगाण्याच्या डोंगरात एका कड्यावर गिधाडांची घरटी होती. नाशिकच्या योगिनीला तिथली गळलेली पिसं अभ्यासासाठी गोळा करायचा परवाना अकरा महिन्यांनी मिळाला होता. पक्ष्याला हात लावायचा नाही, ही त्यातली पहिलीच अट होती. ती पाळली जाते ना, हे बघायला वनरक्षक मीना आली होती आणि पिसं आणायला दोर बांधून कड्यावरून खाली उतरले होते तिचेच वडील, बारकू. मध्येच ते ओरडले, "मीना, पिलाच्या पायात मांजा गुतलाय. पाय लय सुजलाय. सोडवू का?" मीनाने परवाना उघडून पुन्हा वाचला. अशा वेळी काय करायचं, ते त्यात कुठंच नव्हतं. साहेबांना फोन लावला, तर रेंज नव्हती. "हात लावला तर परवाना रद्द होईल," योगिनी म्हणाली आणि लगेच पुटपुटली, "पण पिलू मरेल गं." "मग काय सांगू त्यांना?" मीनाने विचारलं. खालून पुन्हा हाक आली, "पोरी, बोल ना! माझं हात भरून आलं." मीनाने कागदाची घडी घातली. "सोडव, बाबा." थोड्या वेळाने पिलू लंगडत कपारीत आत सरकलं. संध्याकाळी मीनाला अहवालात पिलाला कोणी हात लावला ते लिहायचं होतं. वडिलांचं नाव लिहावं तर गुन्हा त्यांच्यावर, योगिनीचं लिहावं तर ते खोटं. मग तिने वडिलांचं नाव लिहिलं, पुढे 'माझ्या आदेशावरून' असं जोडलं आणि सही केली.