चित्राला लागलेला पाऊस

“सिस्टर, खरं वाटणार नाही तुम्हाला. कुणालाच वाटणार नाही. पण आज दुपारी या चित्रात पाऊस पडला.”

शिवदास ड्रायव्हरने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की शेजारी उभा असलेला पॅकिंगवाला सागरसुद्धा क्षणभर चित्राकडे बघत राहिला.

नर्सिंगमधून निवृत्त झालेल्या बेनिटा सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. बहारीनमधल्या बुदैयाच्या व्हिलातलं सगळं सामान हूराच्या या फ्लॅटमध्ये आलं होतं, आणि खोक्यांच्या गर्दीत, भिंतीला टेकून ते फ्रेंच तैलचित्र उभं होतं. कापलेल्या गवताचं पिवळं शेत, ओढा, उंच झाडं, एक गाय, छत्रीवाली एक बाई. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे. मागे सरकलं की शेत. आणि आता आभाळापासून ओढ्यापर्यंत सगळीकडे रांगेनं बोटाच्या टोकाएवढे गोल गोल ठसे.

झालं होतं असं. सागरने चित्राला बबलचं प्लास्टिक गुंडाळलं ते फुगे आतल्या बाजूला करून. लिफ्ट रिकामी मिळेपर्यंत व्हॅन दुपारभर खाली उन्हात उभी होती. जुलैचं ऊन. वरचं वॉर्निश मऊ पडलं आणि एकेका फुग्याने त्यावर आपला शिक्का मारला.

गुरुवारी सागर लीव्हवर गावी निघणार होता. लेकीचं बारसं त्याच्यासाठी थांबवलेलं. सकाळपासून सिस्टरांची भांडी गुंडाळताना त्याच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. पण कस्टमरची तक्रार आली की सुपरवायझर वकार आधी लीव्ह खलास करायचा, चौकशी मग. काम संपलं की तो कस्टमरला स्वतः फोन करून विचारी. तो फोन आता कधीही आला असता.

“तू गप रव,” चित्र आत आणताना शिवदास त्याला म्हणाला होता. “बोलूचा काम माझा.”

“पाऊस,” सिस्टर म्हणाल्या.

“बुदैया हायवेवर. मागून तडतड आवाज. मला वाटलं, एसी गळतोय. गाडी बाजूला घेतली, प्लास्टिक जरा उचललं, तर आत ही सर. हात घातला तो बाही कोपरापर्यंत चिंब.”

“दाखवा बाही.”

“आता कुठली दाखवू? खिडकीबाहेर धरली, पुढचा सिग्नल यायच्या आत खडखडीत वाळली. आपलं बहारीन हे.”

“आणि गाय?”

“ती शहाणी. जाऊन झाडाखाली उभी राहिली.”

“आता तर शेताच्या मधोमध आहे.”

“पाऊस थांबला ना, सिस्टर. चरायला नको तिला?”

सिस्टर उठल्या. चष्मा लावून चित्रासमोर वाकल्या. हॅन्सेल, त्यांचा नवरा, रोज सकाळी या शेतासमोर बसून चहा घ्यायचा. तो गेल्यावर ती खुर्ची आणि ती वेळ त्यांनी आपल्याकडे घेतली होती. एका ठशाजवळ त्यांनी बोट नेलं, पण लावलं नाही. सागरने खिशातला कटर काढला, उगाच पाहिला, परत ठेवला.

“या छत्रीवालीचं काय?”

“तिनं आणली होती उन्हासाठी. कामाला आली पावसात. नशीब एकेकाचं.”

“तिच्या छत्रीवर पण थेंब आहेत.”

“छत्रीवर नाही तर कुठे पडणार, सिस्टर?”

सिस्टर सागरकडे वळल्या. “तू पाहिलास हा पाऊस?”

सागरने एकदा शिवदासकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. “प्लास्टिक मी गुंडाळलं होतं, सिस्टर,” तो खाली बघत म्हणाला.

“पावसाच्या आधी,” शिवदास म्हणाला.

तेवढ्यात खोक्यावर ठेवलेला फोन वाजला. वकारच होता. सिस्टरांनी स्पीकर लावला.

“मॅडम, सामान सब ठीक से पहुँचा? कोई कंप्लेंट?”

फोन हातात घेऊन सिस्टर मागे सरकत खुर्चीपर्यंत गेल्या, बसल्या, आणि रोज बघायच्या तशा चित्राकडे बघत राहिल्या. पिवळं शेत होतं. झाडं होती. आभाळ जरासं हलल्यासारखं दिसत होतं.

“कंप्लेंट नहीं है,” त्या म्हणाल्या. “पेंटिंग को थोड़ी बारिश लगी, बस.”



“बारिश, मॅडम? जुलाई में?”

“यहाँ नहीं, वकार भाई. फ्रान्स में.”

वकारने यावर विचार केला असावा. मग तो म्हणाला, “ओके मॅडम. शुक्रिया,” आणि फोन बंद झाला.

सागर खाली बसला आणि जमिनीवरचं प्लास्टिक गोळा करू लागला. त्याच्या हातात एकेक फुगा फुटत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

शिवदासला मात्र आता जोर चढला. “तरी सगळं नाही सांगितलं, सिस्टर. ओढा तर एवढा चढला, एवढा चढला, की काठावरून—”

“शिवदास,” सिस्टर चित्रावरची नजर न काढता म्हणाल्या, “वसईला वाढले मी. असा रांगा धरून पडणारा पाऊस कधी पाहिला नाही.”