दहापैकी शून्य

“आज दुखणं किती? दहापैकी?” सिस्टरनं विचारलं.

“शून्य,” ड्रायव्हर म्हणाला.

“मागच्या वेळीही शून्यच होतं.”

“मग आज काय उणे सांगू?”

सिस्टर हसली. तिनं आकडा संगणकात भरला, गोळ्यांची नवी डबी पुढे सरकवली आणि त्याच्या पायांकडे पाहिलं. काळे बूट, जाड मोजे, नाड्या घट्ट. पहिल्यांदा आला तेव्हा हाच माणूस सपाता काखोटीला मारून फरशीवर अनवाणी उभा होता.

“माझ्या पोरीनं शोधलेलं औषध आहे, सिस्टर. कुणा ऐऱ्यागैऱ्याचं नाही.”

“हळू बोला. हे मी ऐकायचं नसतं.”

तो ताठ मानेनं बाहेर पडला. जिना उतरला. तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहात शिरून त्यानं कडी लावली, बूट ओढून काढले, मोजे उपसले आणि लालभडक पाऊल बेसिनच्या नळाखाली धरलं. मग दुसरं. पाणी लागताच त्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

हे दुखणं लहानपणापासूनचं. जरा ऊब लागली की पाय निखाऱ्यांवर ठेवल्यासारखे पेटायचे. तशा पायांनी त्यानं उभा जन्म बस चालवली, इंजिनाची धग सोसत. सीटशेजारी पाण्याची बादली ठेवायचा, म्हणून डेपोत सगळे त्याला बादलीशेठ म्हणत. डॉक्टर म्हणत, मनाचे खेळ आहेत.

मनाचे खेळ नाहीत, हे त्याच्या मुलीनं दाखवून दिलं.

एकदा तिनं त्याला आपल्या प्रयोगशाळेत नेलं होतं. काचेच्या बशीत पेशी होत्या आणि त्या पेशींत त्याच्या रक्तात सापडलेलं जनुक घातलेलं होतं. केसाहून बारीक काचेची नळी एका पेशीला टेकवून ती म्हणाली, “बाबा, मज्जातंतूंना इवली इवली दारं असतात. दार उघडलं की सोडियम आत घुसतं आणि मेंदूकडे निरोप जातो, दुखतंय. इतरांचं दार सहजासहजी उघडत नाही, उघडलं तर पटकन मिटतं. तुमच्या जनुकात एक अक्षर बदललंय. तुमचं दार नुसता धक्का लागला की उघडतं आणि मिटायचं नावच घेत नाही.”

पडद्यावर रेघ उसळत होती. तिनं औषध सोडलं. रेघ हळूहळू सपाट झाली.

“गप्प बसलं?”

“बसलं. हजारो रसायनं तपासली, तेव्हा हे एक सापडलं.”

ड्रायव्हर पडद्याकडे पाहत राहिला. जन्मभर जे आत ओरडत होतं, त्याला आपल्या पोरीनं गप्प केलं होतं. परतताना त्यानं जुन्या कंडक्टरचं घर गाठलं.

“माझं दार आहे तिथं. बशीत ठेवलंय!”

“बादलीशेठ,” कंडक्टर म्हणाला, “तुझ्या बसचं दार कधी धड लागलं नाही. पोरीनं नेमकं तेच दुखणं धरलं बघ!”

पुढे औषध माणसांवर तपासायची वेळ आली. आजार इतका दुर्मीळ, की रोगी मिळता मिळेनात. म्हणून हॉस्पिटलनं ड्रायव्हरलाही घेतलं. अट एकच होती. गोळ्यांबद्दल बापलेकीनं आपसांत अवाक्षर काढायचं नाही.

“काहींना औषध मिळेल, काहींना हुबेहूब तशीच साखरेची गोळी,” तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. “कुणाला काय, हे मलाही ठाऊक नसेल.”

ड्रायव्हर मनात हसला. ज्याच्या जनुकावरून औषध निघालं, त्याच्याच हातावर साखर ठेवतील होय?

पण आग उतरली नाही. पहिल्या आठवड्यात नाही, पुढेही नाही. दोष औषधाचा नव्हताच. रेघ सपाट झालेली त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दोष या झिजलेल्या, हट्टी पायांचा. त्यांच्यापायी पोरीच्या कामाला बट्टा का लागावा?

पहिल्याच तपासणीला त्यानं शून्य सांगितलं आणि बूट विकत आणले. घरातही घालून बसू लागला. मुलगी नियमाला धरून काही विचारत नसे. पण बुटांवर नजर गेली की तिचा चेहरा उजळायचा. त्या चेहऱ्यासाठी तो खऱ्या निखाऱ्यांवरही चालला असता.

निकालाच्या दिवशी तो सकाळपासून बूट चढवून बसला होता. मुलगी संध्याकाळी आली. पर्स टेबलावर टाकून त्याच्यासमोर बसली.

“बाबा, आता बोलायला हरकत नाही. औषध लागू पडलं.”

“मला सांगतेस?” त्यानं पाय पुढे ताणून दाखवले. “पोरगी कुणाची!”

“ज्यांना ज्यांना मिळालं, त्या सगळ्यांची आग कमी झाली. एक बाई कितीतरी वर्षांनी पांघरूण घेऊन झोपली म्हणे.”

त्याचे डोळे भरून आले. “मग तोंड का उतरलंय तुझं?”

“औषध बनवणाऱ्या कंपनीनं काम बंद केलं. कायमचं.”

“लागू पडलं तरी?”

“नुसतं लागू पडून भागत नाही, बाबा. साखरेच्या गोळीपेक्षा बरंच जास्त लागू पडलं, असं दिसावं लागतं. माणसं मूठभर. त्यांत एकाचाही आकडा विचित्र आला की सगळी सरासरी फिरते.” ती ओढूनताणून हसली. “जाऊ दे. यादीत नावं नसतात, पण तुमचे बूटच सांगतात, निदान तुम्हाला तरी खरं औषध मिळालं.”

“विचित्र म्हणजे कसा?” त्यानं विचारलं.

“औषध घेऊनही कुणाचीच आग पुरती विझली नाही, कुणी दोन सांगितलं, कुणी तीन. पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत शून्य सांगणारा एकटाच होता, बाबा, आणि तो साखर खात होता.”